नळीतलं रक्त संपेपर्यंत

लॅबमध्ये तिला सगळे परतबाई म्हणत. जरा शंकेचा आकडा आला की ही बाई तीच नळी पुन्हा मशीनला लावणार. "परतबाई, भाजीत मीठसुद्धा दोनदा घालता का हो?" असं कुणी चिडवलं की ती हसे, आणि नळी लावे. चूक मशीनची असेल तर पेशंटने का रडायचं, एवढंच तिचं म्हणणं.

मग तिच्या ताईला अंडाशयाचा कॅन्सर निघाला. आई लवकर गेल्यामुळे हिची वेणी घालण्यापासून हिला शहाणं करण्यापर्यंत सगळं ताईनेच निभावलेलं. ऑपरेशन झालं, किमो सुरू झाली आणि दर वेळी रक्तातला एक आकडा मोजायचं ठरलं. रोग हलला की तो आकडा हलतो, बहुतेकदा त्रास जाणवायच्या आधीच. पहिल्या किमोंनंतर तो किती भराभर उतरतो, यावरून रोग परतेल का, याचं बरंच कळतं. ताईचा उतरला, पण रडतखडत. "उतरला ना, झालं तर!" म्हणून भावोजींनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. परतबाईने मान डोलावली. तिला कळलं होतं ते तिने कुणालाच सांगितलं नाही, आणि तेव्हापासून तिला अन्न गोड लागेना.

किमो संपली. ताईचे केस उगवले ते कुरळे. "बघ, फुकटात फॅशन," म्हणत ती पुन्हा लोकांचे कपडे शिवायला बसली. दोनदा आकडा ठीक आला. पुढच्या खेपेला तो एकदम चढला.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. हिच्या मनाने जे चिंतलं होतं ते जसंच्या तसं पडद्यावर उभं होतं.

तिने नळी पुन्हा लावली. तोच आकडा. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं तो नमुना लावून मशीनची परीक्षा घेतली. मशीन पास. नवं रसायन उघडलं, परत लावली. शेजारच्या मशीनवर लावली. "अहो, पुरे आता," सोबतची म्हणाली. ऐकतो कोण! शेवटी मशीननेच हात वर केले: नमुना अपुरा. अहवालाला पहिला आकडा पुरेसा होता, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण बहीण म्हटलं की शहाणपण चुलीत जातं.

दुपारी सुई आणि कापूस घेऊन ती ताईकडे गेली.

"सकाळची नळी सांडली गं. परत घ्यायला हवं."

ताईने काम बाजूला ठेवून बाही वर केली. किमोने शिरा पार बसलेल्या. दोनदा सुई फुकट गेली, पण ताईने हूं की चूं केलं नाही. तिसऱ्यांदा मात्र तिने परतबाईचं मनगट धरलं.

"तुझ्या हातून कधी कपबशी फुटली नाही, आणि नळी सांडली?"

"ताई, मशीन कधी कधी..."

"कितीदा लावलीस?"

परतबाईने हातातला कापूस उगाच दुमडला.

"रक्त संपेपर्यंत?"

परतबाईने मान डोलावली. "एकदाच, ताई. आणखी एकदाच बघू दे."

ताईने दुसरा हात पुढे केला. "घे. तुझं समाधान होऊ दे. मला नको सांगूस आकडा. महिनाभर मी माझ्याच कपड्यांच्या शिवणी उसवतेय. पोटात परत पाणी भरायला लागलंय. तू रडशील म्हणून बोलले नाही."

परतबाईने ताईच्या गाऊनची कड चाचपली. शिवण खरंच उसवलेली होती, आणि आत नवी पट्टी जोडलेली होती, कुणाला दिसू नये इतक्या सफाईने. तिने सुई खाली ठेवली आणि ताईच्या मांडीवर डोकं टेकून ती ओक्साबोक्शी रडली.