जया मांढरेच्या गालातलं इंजेक्शन

जया मांढरे स्टेजवर रडायला लागली, की पुढे सतरंजीवर बसलेल्या बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे. दिवाळीनंतर धान घरात आलं की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, मंडईला नाटक लागतं, आणि वडशाच्या नाटक कंपन्या ट्रकमध्ये पडदे-पेट्या घालून गावोगाव फिरतात. त्या कंपन्यांपैकी एकीत जया कित्येक वर्षं हिरोईन होती. राहायची सिंदेवाहीजवळच्या एका खेड्यात. माहेर ढिवराचं, सासरही ढिवराचं. दोन्ही घरं तलावातल्या मासळीवर चालणारी. नवरा धनराज मच्छीमार सोसायटीत. नाटकाच्या हंगामात बायको घरी नसायची, तेव्हा भात-वरण तोच रांधायचा आणि त्याबद्दल कोणी हसलं तर स्वतःही हसायचा.

मागच्या उन्हाळ्यात जयाला कावीळ झाली. बरी झाली, पण अंगातलं सगळं मांस जसं चेहऱ्यावरूनच गेलं. गाल आत बसले, डोळ्यांखाली खड्डे पडले. पावसाळ्यात तालमी ठरवायला ती वडशाला गेली, तेव्हा कंपनीचे मालक गुणवंतराव तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. माणूस वाईट नव्हता. बोलायलाही त्यांना जड गेलं.

"जयाबाई, यंदा तुमी आईचा रोल करा. हिरोईन दामिनीले देऊन पाहू."

जया हो म्हणाली. आईच्या रोलला तिची ना नव्हती. पण त्या नाटकातली आई पहिल्याच अंकात मरत होती.

दामिनी कंपनीतली नवी पोरगी, जयाच्या हाताखालीच शिकलेली. तिला वाईट वाटलं. तिनंच मोबाइलवर चंद्रपूरच्या एका पार्लरचा व्हिडिओ दाखवला. आधीचा चेहरा, नंतरचा चेहरा. "ताई, फिलर म्हणतेत याले. एका इंजेक्शनात गाल भरते. माह्या मावसबहिणीनं केलं, काई झालं नाई तिले."

जयानं तो व्हिडिओ घरी येऊन पुन्हा पुन्हा पाहिला. धनराजला मात्र सांगितलं, की फेशियल करायला जाते.

पार्लर एका साड्यांच्या दुकानाच्या वर होतं. पडद्यामागे एक खुर्ची, ज्या खुर्चीत भुवया कोरतात तीच. पार्लरवाल्या बाई बोलायला गोड होत्या. आपण नागपूरला कोर्स केला आहे, डॉक्टरकडे गेलं की ते उगाच घाबरवतात, असं त्या सांगत राहिल्या. सुईत काय भरलं आहे ते विचारावं असं जयाच्या मनात आलं होतं. पण एवढी चांगली बोलणारी बाई, तिला असं विचारणं बरं दिसेल का, म्हणून ती गप्प बसली.

उजवा गाल नीट झाला. डाव्या गालात नाकाजवळ सुई गेली आणि वरच्या ओठापर्यंत एक जीवघेणी कळ गेली. जया खुर्चीतून अर्धी उठली. नाकाच्या बाजूची कातडी पांढरीफटक पडली होती.

"असंच असतं पहिल्यांदा," बाई म्हणाल्या, आणि गाल चोळायला लागल्या. मग आरसा पुढे धरला. आरशात खरोखरच भरलेले गाल होते. जयाला दुखत असूनही बरं वाटलं.

वाटेतल्या मूल गावापर्यंत बस आली तोवर ते बरं वाटणं संपलं. गाल ठणकत होता, दात दुखावा तसा, आणि वरचा ओठ जड झाला होता. सिंदेवाहीच्या स्टँडवर धनराज मोटारसायकल घेऊन उभा होता. तिनं तोंडावरची ओढणी काढली आणि तो बघतच राहिला.

"फेशियल करतो म्हणत होतीस ना वं? तुह्या गालावर हे जाळं कायचं?"

जाळंच होतं ते. नाकाच्या बाजूपासून ओठापर्यंत निळसर-जांभळ्या रेघा, एकमेकींत गुंतलेल्या. मग तिनं खरं सांगितलं. पार्लरमध्ये फोन केला. तिकडून उत्तर आलं, सूज आहे, बर्फ लावा. समोरच्या रसवंतीतून धनराजनं बर्फ आणला. लावल्यावर गाल आणखी काळवंडला.

"चाल, दवाखान्यात."

"इथी नको. सिंदेवाहीत सारे ओळखतेत मले."

"नाक गेल्यावर ओळखतीन का?" धनराज म्हणाला. त्यानं गाडीला किक मारली. जया मागे बसली.

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं गालावर बोट दाबलं आणि उचललं. दाबलेली जागा पांढरी झाली ती पांढरीच राहिली. त्यानं आडवळणानं काही सांगितलं नाही. गालातल्या रक्तवाहिनीत ते औषध अडकलं आहे, रक्त पुढे जात नाही, असंच राहिलं तर कातडी मरेल. औषध विरघळवणारं इंजेक्शन असतं, ते इथे नाही. मग त्यानं चंद्रपूरच्या त्वचारोगतज्ज्ञ डॉ. कहकशाँ यांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, लगेच पाठवा, बर्फ अजिबात नको, गरम पाण्याचं फडकं धरा. डॉक्टरनं एक गोळी दिली आणि गाडीची सोय बघायला बाहेर आला. पण धनराजनं तोवर सोसायटीचा मासळी नेणारा पिकअप बोलावला होता.

त्या पिकअपमध्ये पुढे बसून, गालावर फडकं धरून, मासळीच्या वासात जया पुन्हा चंद्रपूरकडे निघाली. दुपार कलत होती. वाटेत धनराजनं तिला एकदाही बोल लावला नाही. फडकं थंड झालं की तो दवाखान्यातून भरून घेतलेल्या थर्मासमधलं गरम पाणी ओतून पुन्हा तिच्या हातात द्यायचा.

डॉ. कहकशाँ बल्लारपूरच्या. वडिलांचं सायकलचं दुकान, त्यामुळे बोलणं साधं, हिंदी-मराठी मिसळलेलं. जया आत आली तशी त्यांनी आधी तिचा एक डोळा झाकला आणि बोटं दाखवली. मग दुसरा.

"नीट दिसतं? धुकं-बिकं नाही?"

"नाई जी. दिसते."

"अल्लाचे आभार माना," त्या म्हणाल्या. तेव्हा जयाला पहिल्यांदा कळलं, की डोळासुद्धा जाऊ शकला असता.

पुढचा प्रश्न होता, टोचलं काय? बाजारात दोन-चार तऱ्हेची औषधं असतात. काही इंजेक्शननं विरघळतात, काही कशानंच नाही. जयाला काहीच माहीत नव्हतं. पार्लरवाल्या बाई आता तिचा फोन उचलत नव्हत्या. धनराजनं डॉक्टरांच्या फोनवरून लावला.

"बाई, मी जयाचा नवरा बोलून राह्यलो. भांडाले फोन नाई केला. तुमी जे टोचलं त्याच्या डब्ब्याचा फोटो पाठवा. तेवढंच पायजे."

पलीकडे बाईंनी ऐकून घेतलं. फोन बंद झाला. धनराज भिंतीला टेकून उभा राहिला. जया त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि तो तिच्याकडे बघायचं टाळत होता. मग फोन वाजला, फोटो आला. डॉ. कहकशाँनी तो बोटांनी मोठा केला, वाचला, आणि खुर्चीत मागे टेकल्या.

"विरघळणारं आहे."

एवढं म्हणून त्या उठल्याही. औषध काढता काढता विचारलं, "मधमाशी चावली आहे का कधी? अंगभर सूज, दम लागणं, असं काही?"

जयाला वाटलं, बाईंचं लक्ष भलतीकडेच आहे. पण त्या औषधाची रिअॅक्शन मधमाशीची अॅलर्जी असणाऱ्यांना येऊ शकते, असं डॉक्टरांनी समजावलं. लहानपणी मोहफुलं वेचताना तिला माश्या चावल्या होत्या. चावलं तिथेच सुजलं होतं, बाकी काही नाही. तरीही डॉक्टरांनी सगळी तयारी बाजूला ठेवली आणि मगच सुई हातात घेतली.

टोचणं पुष्कळ झालं. टोचून झालं की गरम फडकं, मग बोटानं दाबून बघणं, मग पुन्हा टोचणं. पहिल्यांदा पांढरी जागा तशीच राहिली. नंतर कधीतरी, दाबलेलं बोट उचलल्यावर, हळूहळू गुलाबी रंग परत आला. डॉक्टरांनी धनराजला जवळ बोलावलं आणि त्याच्यासमोर पुन्हा दाबून दाखवलं.

"आलं बघा रक्त."

धनराजनं मान हलवली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला. जया मात्र आत ढसाढसा रडली. "रडा, रडा," डॉक्टर म्हणाल्या, "फक्त गाल चोळू नका."

ती रात्र त्यांनी तिला दवाखान्यातच ठेवली. सकाळी आरशात गाल सुजलेला होता, डागाळलेला होता, पण जिवंत होता. नाकाशेजारी एक छोटी खपली धरली, ती पुढे पडून गेली आणि मागे फिकट खूण राहिली. मेकअपखाली तर ती दिसतही नाही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून जयानं रीतसर तक्रार केली. त्या पार्लरमध्ये आता फक्त भुवया कोरतात.

इथे गोष्ट संपली असती. पण जया काही दिवसांनी तपासायला गेली तेव्हा म्हणाली, "डॉक्टरबाई, मले गाल पायजेच आहेत."

धनराजनं डोक्याला हात लावला. डॉ. कहकशाँ हसल्या. "आधी कातडीला बरं होऊ द्या. जेवा नीट. आणि ज्याच्याकडे जाल त्याला विचारा, तुम्ही डॉक्टर आहात का, कशाचे? म्हणा, काय टोचणार, त्याचं सील माझ्यासमोर फोडा. बिघडलं तर विरघळवायचं औषध इथे आहे का, आत्ता दाखवा. ज्याला याचा राग येईल, तिथून उठायचं."

जयानं हे संवादासारखं पाठ केलं. नागपुरातल्या एका मोठ्या, थंडगार क्लिनिकमध्ये गेली. तिथे डॉक्टर भेटायच्या आधीच एका सुंदर मुलीनं पॅकेज सांगितलं आणि प्रत्येक प्रश्नाला "टेन्शन घेऊ नका ना मॅडम" एवढंच उत्तर दिलं. जया उठली. पूर्वी ती अशी उठली नसती.

"मंग तुमीच काऊन नाई करत?" तिनं पुढच्या खेपेला डॉ. कहकशाँना विचारलं.

"करते की मी. पण त्या दिवशी तुम्हाला वाचवलं म्हणून तुम्ही माझ्यापुढे मान तुकवली असती. तसं नको होतं मला. आता दुसरीकडे विचारून आलात, आता मलाही विचारा."

जयानं खरोखर विचारलं, एकेक प्रश्न, अवघडत. डॉक्टरांनी भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवलं, फ्रिज उघडून औषध दाखवलं, काय काय बिघडू शकतं ते तिला नको वाटेपर्यंत सांगितलं. तोवर भातानं आणि मासळीनं अर्धं काम केलंच होतं. गालांवर थोडं मांस परत आलं होतं. उरलेल्यासाठी डॉक्टरांनी जयानं मागितलं त्याच्या निम्मंच केलं, आणि नाकाजवळ हात लावायला साफ नकार दिला. "हिरोईन नाही करणार मी तुम्हाला. तेवढं आजारपण चेहऱ्यावरून काढते."

दिवाळीनंतर नाटक लागलं. हिरोईन दामिनीच होती. पण गुणवंतरावांनी जयाला आईऐवजी मोठ्या वहिनीचा रोल दिला, आणि ही वहिनी शेवटच्या अंकापर्यंत जिवंत राहते. चेहरा पाहून दिला की जुनी नटी म्हणून, ते त्यांनी सांगितलं नाही. जयानं विचारलंही नाही. मध्ये एकदा दामिनी ओठ भरून घ्यायचं बोलली, तेव्हा जयानं तिला मेकअपच्या पेटीवर बसवून सगळे प्रश्न म्हणून दाखवायला लावले. दामिनी दोनदा अडखळली. "पाठ झाल्याशिवाय जाजो नको," जया म्हणाली.

हंगाम संपल्यावर ती शेवटची तपासायला गेली. डॉ. कहकशाँनी दोन्ही गाल दाबून पाहिले, तिला हसायला लावलं, फुगे फुगवल्यासारखं तोंड करायला लावलं.

"काही नाही आता. उगीच येऊ नका माझ्याकडे."

बाहेर आल्यावर दोघांनी तर्री-पोहे खाल्ले. धनराजनं तिच्या प्लेटमध्ये आपल्यातली तर्री ओतली, तिखट लागून जयाचं नाक वाहायला लागलं, तिनं ते पदरानं खुशाल पुसलं. बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. मूल गाव यायच्या आतच ती झोपली, डावा गाल नवऱ्याच्या खांद्यावर दाबून, आणि धनराज सिंदेवाही येईपर्यंत हलला नाही.