मागं कोन राह्यलं?

प्लेगात उंदीर पडायला लागले आणि अख्खं गाव शेतातल्या झोपड्यांत गेलं. मी चार दिवसांची बाळंतीण. तिथं विटाळ नको म्हणून मला सासूसोबत घरातच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी एक परका गाडीवान ओस गल्ल्यांतून हाका मारत आला, "मागं कोन राह्यलं?" गाडीत शेजारची आंधळी म्हातारी आधीच बसलेली.

सासू दारातून म्हणाली, "बाळंतीण हाये, शिवू नका."

"विटाळ धा दिवसांत फिटंल, माय. उंदरांचं काय?"

मी गाडीत चढेस्तोवर तो पाठमोरा उभा राहिला. झोपड्यांपर्यंत त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही. उजवा खांदा तेवढा जरा उतरलेला होता.

लेक आता चालतो. कळमनुरीच्या बाजारात मी अजून गाडीवानांच्या पाठी बघत फिरते. चेहरा मी पाहिलाच नाही.