बुद्धभूषणचा आवाज

बुद्धभूषण एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कारकून. दिवसभर टायपिंग, आणि घरी आला की पुन्हा कीबोर्डच! पण टाइप करायला नव्हे, उघडायला. बटणाखालचा एकेक स्विच चिमट्याने काढायचा, त्यातली स्प्रिंग बदलायची, बारीक ब्रशने ग्रीस लावायचं, आणि बटण दाबून कान लावून ऐकायचं. "अहो, जेवता की त्या बटणांनाच भरवत बसता?" बायको तेजल वैतागायची.

त्याला एकच आवाज हवा होता, भरीव आणि गोल. ग्रीस जास्त झालं की बटण गिळगिळीत व्हायचं, कमी पडलं की खरखरायचं. वर्ष गेलं यात. शेवटी एका कंपनीच्या स्विचचा दांडा, दुसरीची स्प्रिंग आणि तळाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा, असं जमलं एकदाचं. माणूस स्वयंपाकघरात नाचला हो!

हे गुपित त्याने फक्त हर्षलला सांगितलं. हर्षल सिन्नरच्या एमआयडीसीतला, याच नादातला जिवाभावाचा मित्र. "मेळाव्यापर्यंत कुणाला बोलू नकोस."

"वेडा का तू? आईशप्पथ नाही!"

नाशकात अशा नादिष्टांचा मेळावा भरतो. रीत अशी, की सगळ्यांनी डोळे मिटायचे, मेळावा भरवणारा शेखर एकेक कीबोर्ड वाजवणार, आवडला की हात वर. हात मोजले की डोळे उघडायचे आणि मालकाने उभं राहायचं. ज्याला सर्वांत जास्त हात, त्याचंच नाव त्या आवाजाला. बुद्धभूषणला तेवढंच हवं होतं. आपलं नाव.

तिसरा कीबोर्ड वाजला आणि त्याने कान टवकारले. आपलाच! लाज सोडून त्याने झटकन हात वर केला. डोळे उघडले तर खोलीभर हात, आणि उभा कोण? हर्षल! केसाने गळा कापला की हो मेल्याने. आणि वर त्यालाच आपणही मत दिलं, या विचाराने बुद्धभूषणला रडू फुटायचंच बाकी होतं.

मग त्याचा कीबोर्ड वाजला. एकही हात वर गेला नाही. तो उभा राहिला तसं मागून कुणी तरी हसलं, "अरे, हा तर हर्षलचा आवाज! कॉपी मारली का भाऊ?"

बुद्धभूषणने हर्षलकडे पाहिलं. आता तरी हा बोलेल.

हर्षल उठला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून मायेने म्हणाला, "हसू नका रे त्याला. मीच शिकवलंय."