डोंगराची चक्कर

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन चुकतं, त्याबद्दल माफी असावी. मी चौथीच शिकले.

शेजारच्या भाभी मला वनखात्याच्या डोंगरावर फिरायला घेऊन गेल्या. तिकीट त्यांनीच काढलं. मला ते रुचलं नाही, पण बोलायचा धीर झाला नाही. पायवाट डोंगराला गोल फिरून परत फाटकाशी येते, असं कळल्यावर मी चपला काढल्या. गोल फिरायचं म्हणजे आमच्याकडं प्रदक्षिणाच.

"अगं, चपला काहून काढल्या? वर देव न्हाई, नुसते सागाचे झाडं हायेत!" भाभी हसल्या.

मी लाजून चपला घातल्या. डोक्यावर मोळी नाही, मनात नवस नाही, असं मी कधी चालले नव्हते. माथ्यावर वारा लागला आणि फार बरं वाटलं. पण माझ्या एकटीच्या सुखाचे पैसे दुसरीनं भरले होते, ते मनाला लागून राहिलं.

खाली आल्यावर मी जवळची चिल्लर पुढं केली.

"आपसात पैसे घेतेत व्हय?" भाभी रागावल्या.

"भाभी, ही चक्कर माझी राहू द्या."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पैसे मोजून घेतले. थोडे कमी पडले होते. तेही मी पुढच्या बाजारी अंडी विकून फेडले.