वांगणीची डबलसीट

वांगणीला आमचा एक बारका प्लॉट होता. त्याला फार्महाऊस फक्त मीच म्हणायचो. दर रविवारी बदलापूरहून बायकोला घेऊन स्वतःच्या गाडीने तिथे जायचो. शेजारच्या प्लॉटचा मालक मात्र ट्रेनने यायचा आणि स्टेशनबाहेर भाड्याची सायकल घेऊन बायकोला डबलसीट न्यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. जळायला नाव लागत नाही.

खड्ड्यांतून माझी गाडी रांगत असे, तेव्हा तो एका हाताने टक्कल पुसत, घंटी वाजवत बाजूने निघून जाई. मागे त्याची बायको खिदळत असे. आमची ही काचेला नाक लावून बघत राही.

"एसी वाढवू?" मी विचारी.

"वाढवा," ती मान न वळवता म्हणे.

शेवटी एका रविवारी गाडी घरीच ठेवली. वांगणीला उतरून सायकल घेतली, हिला ऐटीत कॅरिअरवर बसवलं, पायडल मारलं आणि दोघंही आडवे झालो.

तो टकल्या नेमका मागून आला. उतरून त्याने माझं हँडल सरळ केलं.

"आधी तुम्ही सुटा हो, शेठ. वहिनी पळत येऊन बसतील."

मी सुटलो. ही चार पावलं धावली आणि पदर खोचून इतकी अलगद बसली, की सायकल हललीसुद्धा नाही.

टकल्यावरचा माझा राग तिथेच संपला.

"हे कुठे शिकलीस गं? माझ्यामागे तर आज पहिल्यांदाच बसतेयस."

"पुढे बघा," ती हसून म्हणाली, "खड्डा आहे."