दर तीन ओळींमागे एक

विश्वासच्या जाण्याची बातमी आली तेव्हा मी ऑफिसात बसून दिवसभराच्या कामांची यादी करत होते. ऑपरेटरने घाटकोपरहून आलेला फोन जोडून दिला. पलीकडे त्याचे शेजारी होते. विश्वास पेडणेकर सकाळी दाढी करता करता कोसळले, डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं, तुमचा नंबर त्यांच्या वहीत मिळाला, असं त्यांनी एका दमात सांगितलं. बेचाळीस वर्षांचा माणूस. फोन ठेवून खाली पाहिलं तर यादीतलं सहावं काम होतं, 'विश्वासला फोन'. ते आदल्या दिवशीच्या यादीत होतं, त्याच्या आदल्या आठवड्याच्याही. मी कामं टाळणारी बाई नाही. घरात गॅसचा नंबर कधी लावायचा इथपासून ऑफिसात कुठली टेप कुठल्या कपाटात आहे इथपर्यंत सगळं माझ्याकडे लिहिलेलं असतं. हे एकच काम मात्र मी, आधी 'सांगायचं' म्हणून आणि मग 'विश्वासला फोन' म्हणून, तीन वर्षं एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरवत आले. विश्वासवर आलेला एक ठपका खरं तर माझा होता, आणि ते चार माणसांत, त्याच्या देखत सांगायचं राहिलं होतं. गेलेल्या माणसावर लिहिताना त्याचे गुण सांगायचे असतात. सांगणार आहे. पण ही गोष्ट गाळून गुण सांगितले तर मला माझीच शिसारी येईल.

आम्ही दोघं एकाच आठवड्यात अंधेरीच्या त्या कंपनीत लागलो. मी मुलुंडहून यायची, तो घाटकोपरहून. त्याचे वडील गिरणीत होते, मूळ गाव मालवणकडचं. घरात इंग्रजीचा गंध नाही, पण हा पठ्ठ्या सी नावाच्या त्या नव्या संगणकी भाषेत असा लिहायचा की वाचत राहावं. वाचकांपैकी बऱ्याच जणांना हे विचित्र वाटेल. यंत्रासाठी लिहिलेलं कोण वाचतं? पण विश्वासचं म्हणणं नेमकं हेच होतं. "यंत्राला काय, कसंही लिहिलं तरी समजतं गं. वाट लागते ती माणसाची. सहा महिन्यांनी जो ही फाइल उघडेल, त्याच्यासाठी लिही." त्यासाठी भाषेत सोयही आहे. एक तिरकी रेघ आणि एक फुली काढली की तिथून कॉमेंट सुरू होते, म्हणजे माणसाने माणसासाठी लिहिलेली टीप. फुली आणि तिरकी रेघ अशी उलटी खूण केली की ती संपते. मधलं काहीही यंत्र वाचत नाही.

आमच्याकडे दर शनिवारी सकाळी वाचन असे. ही विश्वासची पद्धत. ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याने गप्प बसायचं आणि दुसऱ्याने छापील कागदावरून तो मोठ्याने वाचायचा. वाचणारा अडखळला की लिहिणाऱ्याचे ओठ शिवशिवायचे. "अरे, ते मी असं केलं कारण..." अशी कुणी सुरुवात केली रे केली की विश्वास टेबलावर थाप मारायचा, "माका सांगू नको, लिव!" चिडला की तो मालवणीवर जायचा. जे तोंडाने सांगावंसं वाटलं तेच तिथे कॉमेंट म्हणून लिहायचं, बाकी काही नाही, एवढाच नियम. त्यामुळे त्याच्या फायलींत कॉमेंट्स थोड्या असत, पण कशा! 'रॅक चोवीसच धरलेत, कारण त्यांच्या गोदामात चोवीसच आहेत. पंचविसावा बांधला तर इथे या.' 'ही ओळ निरुपयोगी वाटेल. मलाही वाटली होती. काढली आणि दोन दिवस गेले.' असं काहीबाही तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहायचा, आणि वाचणारी मुलं मान वर करून हसायची. महिरपी कंस कुठल्या ओळीवर टाकायचा ह्यावरून तो आणि मी अर्धा अर्धा तास भांडलेलो आहोत. मी म्हणायची कंस आपल्या स्वतंत्र ओळीवर हवा, नीटनेटका दिसतो. तो म्हणायचा, "तू काय कंसांची रांगोळी काढतेस काय गो?" शेवटी मी जिंकले. कारण नियमांची फाइल माझ्याकडे होती.

तीच फाइल पुढे नडली. परदेशातल्या ग्राहकाने आमचं काम तपासायला माणूस पाठवायचं ठरवलं आणि आमच्या साहेबांनी कुठल्याशा पुस्तिकेत वाचून फर्मान काढलं, दर तीन ओळींमागे एक कॉमेंट हवी. का? "पान भरलेलं दिसलं पाहिजे." हे त्यांचं उत्तर. त्यानंतरच्या पंधरा दिवसांत आमच्या मजल्यावर जे झालं ते असं. शिकलीसवरलेली, चांगली डोकी असलेली माणसं पोत्यात भुसा भरावा तशी कॉमेंट्स भरत होती. एक मिळवला, त्याच्यापुढे 'एक मिळवला'. फाइल बंद केली, त्याच्यापुढे 'फाइल बंद केली'. एकाने तर सगळीकडे 'पुढची ओळ महत्त्वाची आहे' एवढंच टाकलं. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. आणि हे सगळं मोजण्याचं काम माझ्याकडे होतं. मी भिंतीवर तक्ता लावला. फाइलचं नाव, ओळी, कॉमेंट्स, आणि शेवटच्या चौकटीत हिरवी किंवा लाल पेन्सिल. मला तो तक्ता आवडत होता, हे लपवण्यात अर्थ नाही. रोज संध्याकाळी थोडा थोडा हिरवा होणारा तक्ता बघून मला बरं वाटायचं.

चार फायली लाल राहिल्या. चारही विश्वासच्या.

"भर की रे," मी म्हटलं. "दोन दिवसांचं काम आहे."

"माझ्या दारावर 'हे दार आहे' अशी पाटी लावू? जिथे सांगण्यासारखं काही नाही तिथे मी तोंड उघडत नाही."

"सोमवारी माणूस येतोय."

"येऊ दे ना. वाचेल तो. वाचता येत असेल तर."

शुक्रवारी दुपारी तो मुलीला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. मी त्याच्या टर्मिनलवर बसले, चारही फायली उघडल्या आणि साडेतीन तासांत कॉमेंट्स भरल्या. एकट्या गोदामाच्या फायलीत चाळीस. 'बॅच क्रमांक वाचतो.' 'तारीख वाचतो.' 'तारीख तपासतो.' उठताना तक्त्यावरच्या चारही चौकटी हिरव्या केल्या. दुसऱ्या दिवशी शनिवार, पण तपासणीच्या तयारीसाठी साहेबांनी वाचन रद्द केलं होतं. नाहीतर कुणीतरी अडखळलं असतं... तपासणीच्या माणसाने सोमवारी पानं नुसती चाळली, मान डोलावली, जेवण केलं आणि गेला.

तीन आठवड्यांनी टेलेक्स आला. ग्राहकाचं औषधांचं गोदाम होतं. मुदत संपलेली औषधं बाजूला काढायची आणि उरलेल्यांची पाठवणीची यादी छापायची हे त्या प्रोग्रॅमचं काम. तर मुदत संपलेल्या पेट्याही पाठवणीच्या यादीत येत होत्या. तिथल्या गोदामवाल्याने पेटीवरची तारीख डोळ्यांनी पाहिली म्हणून त्या बाहेर गेल्या नाहीत. साहेबांनी विश्वासला आत बोलावलं. फायलीच्या डोक्यावर त्याचं नाव होतं. काचेच्या दारातून मला साहेबांचे हात हलताना दिसत होते. विश्वास नुसता उभा होता.

तासाभराने तो छापील कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला. एका जागी पेनने गोल केला होता.

"हे तुझं अक्षर."

"छापलेल्या कागदावर कसलं अक्षर रे?"

"कॉमेंटच्या शेवटी पूर्णविराम देणारी ह्या मजल्यावर तू एकटी आहेस, वसुधा. पूर्णविराम दिलास आणि बंद करायची खूण विसरलीस."

मी पाहिलं. 'तारीख तपासतो.' पुढे काही नाही. कॉमेंट उघडी राहिली होती. तिच्या खालच्या दोन ओळी, ज्यांत मुदत संपलेली पेटी खरोखर बाजूला निघत होती, त्याही यंत्राने कॉमेंटमध्येच धरल्या आणि वाचल्या नाहीत. त्याच्या पुढच्या ओळीवर माझीच दुसरी कॉमेंट होती. तिच्या शेवटच्या खुणेवर सगळं मिटलं. इतक्या दाटीने कॉमेंट्स नसत्या तर यंत्राने बरंच काही गिळलं असतं, प्रोग्रॅम तिथल्या तिथे मोडला असता आणि आम्हाला त्याच दिवशी कळलं असतं. दर तीन ओळींमागे एक असल्यामुळे फक्त दोनच ओळी गेल्या. बाकी सगळं सुरळीत.

"मी साहेबांना सोमवारी सांगते," मी म्हटलं.

"सांग. मी नाही सांगणार. मी सांगितलं तर ती चुगली. तू सांगितलंस तर..." त्याने पेन खिशाला लावलं. कागद तिथेच ठेवला आणि गेला.

सोमवारी सांगायचं असं मी लिहून ठेवलं. सोमवारी सकाळी साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले. "तुमचा तक्ता त्या तपासणीवाल्यांना फार आवडला हं. आता हा सगळीकडे लावू." आणि मी 'थँक यू सर' म्हटलं. एवढंच. कुणी मला धमकावलं नव्हतं, नोकरीवर गदा येणार नव्हती. फार तर तक्ता उतरला असता. विश्वासची टीम काढून घेतली. शनिवारचं वाचन 'वेळखाऊ' म्हणून कायमचं बंद झालं. त्याला जुन्या प्रोग्रॅमांच्या डागडुजीवर बसवलं, जिन्याजवळच्या टेबलावर. पहिले काही सोमवार तो येता-जाता माझ्याकडे बघायचा. मग बघायचा थांबला. दीड वर्षाने त्याने राजीनामा दिला आणि घाटकोपरला एका क्लासमध्ये शिकवायला लागला.

मी एकदा तिथे गेले होते, त्याचं एक पुस्तक माझ्याकडे राहिलं होतं ते द्यायला. पंचवीस पोरं, एक संगणक, आणि विश्वास फळ्यावर प्रोग्रॅम लिहीत होता. एवढ्या दाटीवाटीतही ओळी अशा एकाखाली एक, समास सोडून, आणि प्रत्येक कंस स्वतंत्र ओळीवर. माझ्या पद्धतीने. मी ते पाहिलं, हे त्याने पाहिलं.

"आलीस? साहेबांना सांगून आलीस की अशीच?"

"अशीच."

"मग चहा घे आणि जा. मला क्लास आहे."

चहा मात्र त्याने स्वतः खाली जाऊन आणला.

तो गेल्यानंतर दहाव्या दिवशी आमच्या कंपनीने शोकसभा ठेवली. कॅन्टीनमध्ये, चारच्या चहाला जोडून. पाण्याच्या टाकीला टेकवून त्याचा फोटो ठेवला होता, मागे वडे तळत होते. ज्यांनी त्याला जिन्याजवळ बसवलं ते पहिल्या रांगेत होते, आणि 'संस्थेची मोठी हानी' वगैरे चाललं होतं. ज्याने 'पुढची ओळ महत्त्वाची आहे' लिहिलं होतं तोही बोलला, विश्वासकडून कॉमेंट्स कशा लिहायच्या ते शिकलो म्हणून! मग साहेब उठले. विश्वासची बायको शुभांगी आणि तिचा भाऊ समोरच बसले होते. साहेब हसऱ्या चेहऱ्याने म्हणाले, "एवढा बारकाईने काम करणारा माणूस, पण एकदा त्याच्याही हातून कॉमेंट बंद करायची राहिली होती. गोदामाचा गोंधळ आठवतोय ना? शेवटी आपण सगळे माणसंच." दोघं-तिघं मायेने हसल्यासारखं हसले. शुभांगीने मान खाली घातली.

मी उभी राहिले. "ती कॉमेंट विश्वासची नव्हती. त्या चाळीसच्या चाळीस माझ्या होत्या. तो नसताना मी त्याच्या फायलीत घातल्या, तक्ता हिरवा करायला. त्याला माहीत होतं. तुम्हाला मी सांगितलं नाही."

साहेब म्हणाले, "बसा, बसा. आज तो विषय नको. भावना समजतात आम्हाला." आणि त्यांनी दोन मिनिटं शांतता जाहीर केली. मी जे बोलले ते त्या दोन मिनिटांखाली गाडलं गेलं. नंतर प्रत्येकाच्या हातात वड्याची बशी होती.

शुभांगी जिन्यात भेटली. मी काही बोलायच्या आत तिने विचारलं, "तो असताना का नाही ओ सांगितलंत?" रागाने नाही, खरंच विचारलं. मग ती भावाबरोबर खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी मी गोदामाची ती फाइल उघडली. तीन वर्षांत कुणी उघडली नव्हती. वरती बदलांची नोंद ठेवायची विश्वासची पद्धत होती, काय बदललं, का, कोणी. शेवटची नोंद त्याची, 'उघडी राहिलेली कॉमेंट बंद केली', पुढे त्याचं नाव. तिच्या वर, त्या शुक्रवारच्या तारखेची आणखी एक नोंद त्यानेच करून ठेवली होती. 'चाळीस कॉमेंट्स वाढवल्या. कारण: तक्ता. कोणी:' आणि पुढे जागा कोरी. साहेबांनी फाइल मागितली असती तर तिथे माझं नाव लिहून तो सुटू शकला असता. त्याने लिहिलं नाही, आणि जागा पुसलीही नाही.

मी तिथे माझं नाव टाइप केलं. मग वरपासून खाली जात माझ्या कॉमेंट्स एकेक करून काढल्या. काढताना प्रत्येक मोठ्याने वाचली. शेजारच्या टेबलावरची मुलगी बघत राहिली. चाळीस गेल्यावर त्याच्या तीन उरल्या. चोवीस रॅकची, दोन दिवस गेल्याची, आणि एक पार तळाशी, जी मी आजवर वाचलीच नव्हती, 'इथपर्यंत आलात म्हणजे वाचलंत. आभार.'

नियमाप्रमाणे संध्याकाळी तक्त्यावर त्या फायलीची चौकट मीच लाल केली. साहेबांनी दोनदा विचारलं, ही लाल का? मी म्हटलं, वाचून बघा.