टेलिफोनवाल्या बाबांना घेऊन एडिनबरा आणि ग्लासगो

पुढच्या शनिवारी बाबांचं परतीचं विमान होतं आणि मला एक गोष्ट अजून कळलेली नव्हती: आईच्या मागे ते साताऱ्यात एकटे राहू शकतील की नाही. पाच महिने ते लंडनजवळ वॉटफर्डला माझ्या घरी होते. विचारलं की, "मला काय धाड भरलीय?" एवढं म्हणून पेपरात डोकं घालायचे. मी आणि माझा नवरा समीर दिवसभर कामावर, त्यामुळे खरं काय ते दिसतच नव्हतं. मग मी ठरवलं, चार दिवस सलग या माणसाबरोबर काढायचे.

लोकांना सांगण्यासाठी कारणही तयार होतं. बाबा चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होते. म्हणजे खड्ड्यात उतरून शेकडो तारांच्या जोड्या रंग बघून जोडायच्या. अशा माणसाला टेलिफोनच्या जनकाचं जन्मघर दाखवायचं नाही तर कोणाला?

वॉटफर्डहून युस्टन, तिथून चालत किंग्ज क्रॉस आणि पुढे थेट एडिनबरा. ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर एक काम करा: साठीच्या पुढच्या माणसाला पासपोर्ट दाखवून सीनियर रेलकार्ड काढता येतं, व्हिजिटर असला तरी. तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते. आणि सीट उजव्या बाजूची घ्या, कारण न्यूकॅसल गेलं की समुद्र थेट खिडकीशी येतो. ऑगस्टमध्ये मात्र जाऊ नका, फेस्टिव्हलमुळे खोल्यांचे भाव डोळे पांढरे करतात. आम्ही सप्टेंबर निवडला.

साडेचार तासांत मी सहा वेळा उठले असेन. कधी पाणी, कधी बॅग, कधी उगाच डब्याच्या टोकापर्यंत. बाबा तिखटमिठाच्या पुऱ्या खात शांत बसले होते.

"रेणू, गाडी तुझ्या उठण्यानं लवकर पोचणार आहे का?"

"बाबा, तुम्ही गेल्यावर स्वयंपाकाचं काय करणार?"

"समुद्र बघ," बाबा म्हणाले.

विषय बदलण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही, असं तेव्हा मला वाटलं आणि मी चडफडत समुद्र बघितला. सुंदर होता, हे मान्य करायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जन्मघर गाठलं. प्रिन्सेस स्ट्रीटपासून दोन मिनिटांवरच्या रस्त्यात, दगडी इमारतींच्या रांगेतली एक इमारत आणि दाराशी कोरलेली पाटी. एवढंच. तिकीट नाही, रांग नाही, आत जाणं नाही. शाळेत 'टेलिफोनचा शोध कोणी लावला?' या प्रश्नापुढे आपण सगळ्यांनी ज्याचं नाव लिहिलं, तो इथे जन्मला. टेलिफोन पुढे अमेरिकेत जन्मला. शिवाय तो शोध आपणच आधी लावला म्हणणारे एक इटालियन, एक जर्मन मास्तर आणि एक अमेरिकन असे तिघे तरी आहेत. बाबांना या भांडणाशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी पाटीकडे अर्धा मिनिट पाहिलं आणि मग भिंतीवरून चढलेली केबल न्याहाळायला लागले.

"कोणी ओढलीय ही? क्लिपा बघ, एक इथे, एक तिथे. आमच्या साहेबानं परत काढायला लावली असती."

मी मोबाइलवरून त्यांना वाचून दाखवलं. शोध लावणाऱ्याच्या आईला नीट ऐकू येत नसे. मुलगा तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हळू बोलायचा आणि तिला ते समजायचं. पुढे त्यानं कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवलं आणि आवाजाच्या त्याच नादातून टेलिफोन निघाला. मी वाचत होते, बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "कपाळाजवळ?"

तिथून किल्ल्याकडे चढ आहे. अस्वस्थ असले की मी झपाझप चालते, आणि चालताना बोलते. अर्धा चढ मी पुढे आणि बाबा मागे. मी साताऱ्याचं विचारत होते: गॅस बंद केलाय का ते कोण बघणार, बाथरूममध्ये पाय घसरला तर कोणाला हाक मारणार. मागून उत्तर नाही. वळून पाहिलं तर बाबा मजेत बॅगपाइपवाल्याकडे बघत होते. माझं डोकं फिरलं. दुपारी सूप-ब्रेड खाताना मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. (हॅगिस, म्हणजे मेंढीच्या काळीज-फुप्फुसाचा इथला प्रसिद्ध खिमा, व्हेजिटेरियनही मिळतो. मसालेदार आहे, घाबरू नका.)

तिसऱ्या दिवशी ग्लासगो. गाड्या सारख्या असतात, जेमतेम तासाचा प्रवास, आगाऊ तिकीट काढायची गरज नाही. टेलिफोनच्या इतिहासात ग्लासगोची गंमत अशी की, शोध लागला त्याच वर्षी इथला एक नामांकित प्राध्यापक अमेरिकेहून ते यंत्र घेऊन आला आणि शास्त्रज्ञांच्या भरल्या सभेत दाखवायला उभा राहिला. प्रवासात त्यातला भाग वाकला होता. यंत्र बोललंच नाही. तरी मी माझ्या कानांनी ऐकलंय, असं त्यानं सांगितलं आणि लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. बाबा खूश झाले. "डेमोच्या दिवशीच बंद पडणार. आमच्याकडे मंत्री आले की हेच."

आमच्या ट्रिपचं खरं ठिकाण शहराबाहेर होतं, बसनं तासाभरावरच्या गावात. निवृत्त टेलिफोन कामगारांनी जुन्या शाळेत एक छोटं संग्रहालय थाटलंय. आठवड्यातून एकच दिवस उघडं असतं, म्हणून आधी ईमेल करा. प्रवेश फुकट, दारात देणगीचा डबा. या देशात तांब्याच्या लाइनी आता बंद होत चालल्यात, पण या शाळेच्या हॉलमध्ये जुनं स्वयंचलित एक्स्चेंज अजून जिवंत ठेवलंय. रिसीव्हर उचलायचा, नंबर फिरवायचा, की लोखंडी मांडणीवरचे दांडे खटाखट वर चढतात आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाचा फोन वाजतो. ही कल्पना म्हणे अमेरिकेतल्या एका अंत्यविधीवाल्याची. ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे वळवते असा त्याला संशय होता, म्हणून त्यानं ऑपरेटरच काढून टाकली!

हॉल सांभाळणारे ईअन सत्तरीचे, अंगात खिसेवाला निळा कोट. बाबा जॉइंटर होते हे कळल्यावर त्यांनी असा काही हात मिळवला की सोडेनात. "थर्टी फोर इयर्स? देन यू शो मी, पॅल!"

बाबांनी काळा बेकलाइटचा फोन उचलला, डाव्या कानाला लावला. उजवा हात कामाला मोकळा, ही जुनी सवय. भुवया जवळ आल्या. हुक दोनदा टिचकावला.

"डेड आहे."

ईअनना मी भाषांतर करून सांगितलं. ते गोंधळले, पण बाबांनी स्क्रू-ड्रायव्हरसाठी हात पुढे केला तेव्हा त्यांनी खिशातून काढून दिला. बाबांनी रिसीव्हरचं झाकण फिरवून काढलं, आतली चकती रुमालानं पुसली, तारा ओढून बघितल्या, परत बसवलं. पाच महिन्यांत त्यांच्या चेहऱ्यावर एवढा जीव मी पाहिला नव्हता. पुन्हा कानाला लावला.

"अजून डेड."

"मे आय?" ईअननी घेतला, ऐकला आणि माझ्या हातात दिला. घूंऽऽ असा डायल टोन स्वच्छ येत होता. रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला तरी येत होता.

बाबांनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांनी काय केलं, तर आयुष्यभर करत आले तेच. फॉल्ट शोधायचा म्हणजे टप्प्याटप्प्यानं. ईअनचा टेस्ट फोन मागून घेतला आणि थेट मांडणीवर, एक्स्चेंजच्या टोकाला लावला. मीटर लावून काटा बघितला. मग वायरच्या मधल्या डबीवर. मग फोनच्या मागे. काटा प्रत्येक ठिकाणी हलला. आम्ही दोघं बाजूला उभे. शेवटी त्यांनी टेस्ट फोन डाव्या कानावरून उजव्या कानावर नेला, डोळे मिटले, बराच वेळ तसेच उभे राहिले.

"इकडे आहे. बारीक आहे."

मग सगळं काढून, वायर गुंडाळून त्यांनी ईअनच्या हातात दिली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "एक्स्चेंज ठीक. केबल ठीक. यंत्र ठीक. फॉल्ट ग्राहकाकडे आहे."

ईअननी चहा केला. कानामागचं आपलं छोटं यंत्र काढून बाबांना दाखवलं, पुन्हा लावलं. "टुक मी फाइव्ह इयर्स टु अॅडमिट इट," ते म्हणाले. बाबांना काय कळलं माहीत नाही, पण ते हसले.

परतीच्या बसमध्ये मला बसवत नव्हतं. बाबा टीव्ही मोठा लावतात, कारण म्हणे इथल्या लोकांचं इंग्रजी कळत नाही. मागून बोललं की उत्तर नाही. समोर बसलं की सगळं ठीक. एवढं ढळढळीत होतं आणि मी त्याला हट्ट म्हणत होते! आणि मग मला फोन आठवले. बाबा साताऱ्याला लँडलाइन सोडून कशावर बोलायला तयार नसत. आई गेल्यापासून दर रविवारी मी अर्धा तास बोलायचे. नोव्हेंबरात माझी नोकरी गेली, तेव्हा मी फोनवर रडले होते. बाबा म्हणाले होते, "छान, छान. थंडीत जपून राहा." दोन महिन्यांनी दुसरी नोकरी मिळाली, तेही मी तुटकपणे सांगितलं. त्या 'छान'साठी मी त्यांना आजवर माफ केलं नव्हतं, आणि हे मी कोणालाच बोलले नव्हते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचलो. विमानाचं तिकीट पुढे ढकललं, व्हिसाचे तीन आठवडे हातात होते. कान तपासायची वेळ मंगळवारची मिळाली. एकटे राहू शकतील का, या प्रश्नाचं उत्तर अजून नाही. निदान आता आम्ही तो दोघं मिळून विचारतोय. ट्रिपमधून काय उरलं म्हणाल, तर जन्मघराची पाटी मी विसरेन, पण शाळेच्या हॉलमध्ये डोळे मिटून उभे राहिलेले बाबा विसरणार नाही.

बॅगा तशाच टाकून मी त्यांच्या अगदी समोर खुर्ची ओढली.

"बाबा, फोनवर माझं किती ऐकू यायचं?"

"पहिल्यांदा थोडं थोडं. दिवाळीपासून काहीच नाही."

"मग नोव्हेंबरात मी काय सांगितलं, ते..."

"काय सांगितलं होतंस?"

मला हसू की रडू ते कळेना. "काहीच ऐकू येत नव्हतं, तर अर्धा अर्धा तास फोन कशाला धरून बसायचात? ठेवून द्यायचात ना."

"तू बोलत होतीस," बाबा म्हणाले. "मध्येच कसा ठेवणार?"